शर्यतीच्या यंत्रांची निगा राखा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की सोलापुरातल्या गेम झोनमध्ये मोटार शर्यतीच्या यंत्रांपुढे मुलांची रांग लागते. पण बरीच मुले एक-दोन टोकन घालून उठतात आणि ‘नुसतं गरागरा स्टिअरिंग फिरवायचं, त्यात काय आहे’ हे पालकांचे मत पक्के होते. त्यात पुष्कळ आहे. फक्त यंत्र धड हवे.

या खेळाची ओढ घड्याळातून येते. ‘सेगा’ या जपानी गेम कंपनीच्या यू सुझुकी यांनी 1986 मध्ये केलेल्या ‘आउटरन’मध्ये रहदारी चुकवत पुढचा चेकपॉइंट वेळेत गाठायचा, एवढेच काम. टप्पा संपला की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एकूण टप्पे 15, पण एका डावात त्यांतले 5 च वाट्याला येतात, म्हणून पुन्हा बसावेसे वाटते. पुढे ‘डेटोना यूएसए’ने त्यात गिअरचे कसब आणले. त्यातल्या सोप्या ट्रॅकच्या 8 फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक अवघड डावे वळण येते. तिथे चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन शिरलात तर गाडी भिंतीला घासते. वळणाच्या तोंडाशी गिअर झटक्यात खाली घ्यायचा, स्टिअरिंग आत द्यायचे, मागची चाके घसरू द्यायची आणि नाक सरळ रस्त्याकडे आले रे आले की स्टिअरिंग उलटे देऊन पुन्हा गिअर चढवायचे. उलटे द्यायला उशीर झाला तर गाडी गरकन फिरते, घाई झाली तर बाहेर फेकली जाते. 1995 च्या ‘सेगा रॅली’त तर डांबर आणि कच्चा रस्ता यांची पकडही वेगळी. खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये असे वळण साधायला कितीतरी तास घालवावे लागतात. इथे दोन-तीन मिनिटांच्या डावात त्याची चव कळते, आणि मला तरी हेच या प्रकाराचे मोठेपण वाटते.

बिघडलेल्या यंत्रावर यातले काहीच जमत नाही. सर्वांत नेहमीचा दोष स्टिअरिंगचा. त्याच्या दांड्याला दातेरी चक्राने पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर विद्युत रोध बदलणारा भाग, जोडलेला असतो, सेगाच्या जुन्या यंत्रांत सहसा 5 किलोओहमचा. स्टिअरिंग बहुतेक वेळ मध्याच्या आसपासच हलते, त्यामुळे आतली कार्बनची पट्टी नेमकी तिथेच झिजते आणि सरळ रस्त्यावर गाडी थरथरू लागते. वीज बंद करून वायरी सोडवाव्यात, मल्टिमीटर मधल्या आणि टोकाच्या पिनेला लावून स्टिअरिंग सावकाश फिरवावे. आकडा सलग चढला तर ठीक, मध्येच उडी मारली तर भाग बदलावा. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून थोडे दिवस निभते, पण झिजलेली पट्टी भरून येत नाही. नवा घेताना ‘लिनिअर’, म्हणजे रोध समप्रमाणात बदलणारा हवा; असमान बदलणारा ‘लॉग’ प्रकारचा बसवला तर गाडी एकीकडे जास्त वळते. बसवल्यावर यंत्राच्या टेस्ट मेनूत (तपासणीच्या पडद्यावर) जाऊन डावे टोक, उजवे टोक आणि मध्य नव्याने नोंदवावे लागतात. नेमके हेच हमखास राहते. पेडलचेही तसेच आहे. पूर्ण दाबूनही यंत्राला अर्धवट दाबल्यासारखे वाटत असेल तर गाडी कधीच कमाल वेग गाठत नाही आणि मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या जागी टीव्ही लावला असेल तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करावा. नाहीतर चित्र उशिरा दिसते. पडद्यावरची गाडी ताशी 300 किलोमीटरने जात असेल, तर सेकंदाच्या दहाव्या भागात ती 8 मीटर पुढे गेलेली असते. वळण तिथेच हुकते.

सोलापूरचा उन्हाळा आणि धूळ यांनी पंखे तुंबतात. यंत्र मध्येच रीसेट होत असेल तर 5 व्होल्टचा पुरवठा खेळाच्या सर्किट बोर्डावरच मोजावा, पॉवर सप्लायपाशी नव्हे. मध्ये वायर-कनेक्टरमध्ये व्होल्टेज घटते. आणि अवघडपणाची पातळी मालकांनी कृपया शेवटच्या टोकाला ठेवू नये. पहिल्या चेकपॉइंटलाच हरलेले मूल दुसरे टोकन घेत नाही.

घरी संगणकावर असे खेळ खेळणाऱ्यांनी 900 अंश फिरणारे स्टिअरिंग व्हील सेटिंगमधून 270 अंशांच्या आसपास आणावे. जुन्या यंत्रांचे स्टिअरिंग साधारण तेवढेच फिरायचे आणि उलटे देण्याची चपळाई त्यातच आहे.

शेवटची विनंती अर्थिंगबद्दल. पेडल, सीटचा सांगाडा, टोकनपेटीचे दार हे सगळे धातूचे असते आणि मुले तिथे अनवाणीही बसतात. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर कोणी अशी यंत्रे मांडणार असेल, तर तात्पुरत्या जोडणीत अर्थिंगची तिसरी तार खरोखर जमिनीपर्यंत पोचते का हे वायरमनकडून तपासून घ्यावे, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा आणि त्याचे टेस्टचे बटण रोज सकाळी दाबून पाहावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर