मेट्रन मॅडम, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

आदरणीय मेट्रन मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सगळ्या वॉर्डांच्या इन्चार्ज आणि स्टाफ मिळून हे पत्र लिहीत आहोत, आणि मुद्दाम चारचौघांत लिहीत आहोत. पेशंटला सलाईन लावणारी सिस्टर सगळ्यांना दिसते. ती त्या वेळी तिथे असावी, तिची झोप झालेली असावी आणि तिच्या हातात योग्य औषध असावं, यासाठी कोण राबतं ते मात्र कोणाला ठाऊक नसतं.

आधी ड्यूटी लिस्ट. आयसीयूत एका जागेवर चोवीस तास नर्स हवी, पाळ्या तीन, म्हणून माणसं तीन, असा हिशेब मीटिंगमध्ये हमखास मांडला जातो. तुमचा हिशेब वेगळा असतो. त्या एका जागेच्या वर्षाला १०९५ ड्यूट्या होतात. साप्ताहिक सुट्ट्या ५२, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून ४० दिवस धरले तर एक जण वर्षात २७३ ड्यूट्या करते. म्हणजे माणसं चार लागतात, आणि त्यातही कोणाची बाळंतपणाची रजा धरलेली नाही. चौथं माणूस दिलं नाही तर उरलेल्या तिघींचे ऑफ कापूनच ते भरून निघतं. हा कागद घेऊन तुम्ही पुन्हा पुन्हा वर गेलात, त्याबद्दल पहिले आभार.

लिस्ट नुसती भरून भागत नाही. दोन नवख्या एकाच नाइटला येऊ नयेत. संध्याकाळची पाळी उरकून गेलेली सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला नको, कारण घरी जाणं, जेवण आणि परत येणं यातच तिची रात्र संपते. कॅथलॅबच्या (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या विभागातल्या) अनुभवी माणसाला रिकामी जागा दिसली म्हणून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ढकलायचं नाही. तुमच्या लिस्टमध्ये हे सगळं सांभाळलेलं असतं. कोणाचा ऑफ रद्द करावा लागला तर फोनही तुम्हीच करता, क्लार्ककडून निरोप येत नाही.

दुसरे आभार औषधांच्या कपाटाबद्दल. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र (पातळ न केलेल्या) द्रावणाचे अँप्युल तुम्ही साध्या वॉर्डांतून काढून घेतले, तेव्हा कुरकुर झाली होती. पण ते डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखेच दिसतात, आणि पातळ न करता शिरेत गेले तर हृदय थांबतं. 'नीट वाचा' अशी पाटी लावून रात्री तीन वाजता उपयोग होत नाही. तिथे ती वस्तूच नसणं हाच उपाय. इन्सुलिनचंही तेच. मिलीला ४० युनिटच्या सिरिंजने मिलीला १०० युनिटच्या व्हायलमधून (औषधाच्या बाटलीतून) १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पाव मिली येतं, म्हणजे पेशंटला १० ऐवजी २५ युनिट जातात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी दोन्ही एकाच ट्रेमध्ये असल्या की घोळ होतोच. एका वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन आणि त्याचीच सिरिंज, हा नियम तुमचा. दुसऱ्या सिस्टरने डोस स्वतः मोजून मग सही करायची, पहिलीचा आकडा ऐकून नाही, हाही तुमचाच.

चूक होता होता वाचली तरी फॉर्म भरायला सांगता आणि तो भरणारीला मेमो देत नाही. म्हणून तर ते फॉर्म येतात. जिथे मेमो मिळतो तिथे रजिस्टर कोरं राहतं, आणि कोरं रजिस्टर पाहून वरचे खूश होतात!

राउंडला तुम्ही क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचं) सील आणि रजिस्टरमधला नंबर जुळवता, श्वासनलिकेत नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब पेटवून बघता आणि डिफिब्रिलेटरची (हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनची) वायर काढून बॅटरीवर टेस्ट घ्यायला लावता. मशीन कायम प्लगला असतं, त्यामुळे बॅटरी मेल्याचं कळतं ते पेशंटला हलवताना. सिलिंडरची किल्ली दोरीने बांधलेली हवी, शार्प्सचा (वापरलेल्या सुयांचा) डबा पाऊण भरला की बदललेला हवा, युरिन बॅग जमिनीला टेकलेली नको. तुम्ही लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत ही यादी आमच्या डोक्यात फिरलेली असते.

एक तक्रार आहे, ती आभारांच्या आड लपवत नाही. पेशंट पडण्याच्या जोखमीची तीच माहिती आम्ही तीन कागदांवर लिहितो. ओव्हरची, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवायची, वेळ त्यात जाते, आणि बेडजवळ उभं राहून द्यायचा ओव्हर मग टेबलावरच उरकला जातो. तीनपैकी दोन कागद रद्द करून घ्या, एवढं करा.

पुढच्या महिन्याच्या लिस्टसाठी रजेचे अर्ज २० तारखेच्या आत तुमच्या टेबलावर असतील. या वेळी सगळ्यांचे.

आपल्या,
सर्व इन्चार्ज सिस्टर, स्टाफ नर्स आणि ब्रदर