नाशिकच्या काकांना, माझ्या झेडच्या सहा इंजेक्टरांबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

गाडी सुरू झाली. फोनवर तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकलात, "बरं वाजतंय" म्हणालात आणि लगेच नाशिकच्या पावसावर आलात. आभाराचा विषय निघाला की तुम्ही असंच करता, म्हणून हे पत्र उघड लिहितोय. इथे न्यू जर्सीत आणि इतरत्रही जुन्या गाड्यांत हात घालणारी आपली मंडळी आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

गाडी १९७७ची डॅटसन २८०-झेड. आधीच्या २४० आणि २६० ला कार्बोरेटर होते, उत्तर अमेरिकेसाठी काढलेल्या या २८० ला मात्र बॉशच्या एल-जेट्रॉनिक या यंत्रणेवर बेतलेलं, कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल-इंजेक्शन. सहा सिलिंडर, २७५३ सीसी. इंजिन नव्याने बांधलं होतं: ब्लॉकचं बोअरिंग-होनिंग झालं होतं, पिस्टन आणि रिंगा नव्या होत्या, हेडचं काम उरकलं होतं. राहिले होते फक्त इंजेक्टर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारी नोझल. "टाकीत क्लीनर ओता आणि चालवा," असा सल्ला मला एका दुकानात मिळाला होता. लेकीकडे मुक्कामाला आलेले तुम्ही सहज गॅरेजमध्ये डोकावलात आणि विचारलंत, "इंजिन नवं आणि नोझल जुनी, मग इंजिन किती दिवस नवं राहणार?"

मायकोच्या (आताच्या बॉशच्या) नाशिक कारखान्यात डिझेल नोझलवर हयात घालवलेल्या माणसाचा तो प्रश्न होता आणि त्याचं उत्तरही तुम्हीच दिलंत. ठिबकणारा इंजेक्टर सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतो, मग नव्या रिंगा नीट बसत नाहीत. कमी देणारा त्याहून वाईट, कारण तो सिलिंडर लीन चालतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, तापतो आणि व्हॉल्व्ह किंवा पिस्टन घेऊन जातो. आणि या गाडीचा कॉम्प्युटर ते पकडू शकत नाही. आत येणारी एकूण हवा मोजायची, क्रँकच्या प्रत्येक फेरीला सहाही इंजेक्टर एकदम उघडायचे आणि सगळ्यांना सारखाच वेळ द्यायचा, एवढंच त्याचं काम. कोण किती देतोय हे बघणारं तिथे कुणी नाही. "म्हणून आपण बघायचं," असं म्हणून तुम्ही बाह्या वर केल्यात.

नुसते स्वच्छ इंजेक्टर तुम्हाला नको होते, सहाही सारखे हवे होते. माझ्या लेखी सगळी मदत या एका आग्रहात आहे. साफ करून देणारे पुष्कळ भेटतात. आधी मोजा, मग साफ करा, मग परत मोजा, असं म्हणणारा मला तुमच्याआधी कुणी भेटला नव्हता.

नळ्या काढण्याचं काम मी कधी विसरणार नाही. या इंजेक्टरांच्या शेपटीला रबरी नळी घट्ट बसवलेली असते आणि ती ओढून निघत नाही. ब्लेड मारलं तर खालच्या धातूच्या कडांवर चरा पडतो आणि पुढे तिथूनच पेट्रोल गळतं. पेट्रोल निथळवून, नळ्या पूर्ण कोरड्या झाल्यावर, दार सताड उघडं ठेवून तुम्ही सोल्डरिंग आयर्नने रबर उभं चिरलंत. आतल्या विणीपर्यंत जायचं आणि धातूला टेकायच्या आत थांबायचं. इंजेक्टर हातात, व्हाइसमध्ये नाही. सत्तरी ओलांडलेला तुमचा हात एकदाही हलला नाही. निस्सानच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही हीच रीत दिलेली आहे, पण वाचणं वेगळं आणि तुमच्या बोटांकडे बघणं वेगळं.

मग अडीच बारच्या आसपास दाब, टेस्टचं तेल आणि सहा मोजपात्रं. तीस सेकंदांत पाच जणांनी ९० ते ९४ मिली दिलं, चौथ्याने ७६. त्याचा फवाराही शंकूसारखा पडत नव्हता, एका बाजूला धार धरत होता. मी नवीन मागवायला निघालो तर तुम्ही थांबवलंत. शेपटीतल्या गाळणीत बारीक स्क्रू फिरवून ती खेचून काढलीत. गाळणी तपकिरी, चिकट झालेली. टोकाला तार खुपसायची नाही, ब्रश घासायचा नाही, ही ताकीद मला दोनदा मिळाली. ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या अल्ट्रासॉनिक टबात घालतानाही इंजेक्टर सतत टकटक करत उघडझाप व्हायला हवा, कारण पेट्रोलची वाट उघडणारी आतली सुई बंद राहिली तर आतला मळ तसाच राहतो आणि ती सुई उचलते जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा. थेट बारा व्होल्ट मात्र द्यायचे नाहीत. दोन-तीन ओहमची कॉइल आहे, जळून जाईल, म्हणून मध्ये रेझिस्टर. मग उलट्या दिशेने धुणं, परत टब, परत मोजमाप. चौथा ९१ वर आला आणि फवारा धुक्यासारखा गोल पडला, तेव्हा तुम्ही चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचायला लावलात.

थंडीत सुरू करताना जास्तीचं पेट्रोल सोडणारा सातवा व्हॉल्व्हही तुम्हीच आठवणीने काढायला लावलात. तो ठिबकत होता. तो तसाच बसवला असता तर सहा जणांवरची मेहनत वाया गेली असती.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत, जेवायलाही जेमतेम थांबलात. तुमची स्वतःची चाळीस-पन्नास वर्षांची विद्या तुम्ही एका परक्या गॅरेजमध्ये हातचं काही न राखता ओतलीत. मनापासून आभार.

एक विनंती राहिली. एडिसनमधल्या एका मित्राची २८०-झेड गरम असताना बंद केली की लवकर सुरूच होत नाही. इंजेक्टर काढून आधी मोज, असं मी त्याला सांगितलंय. तुमच्या अक्षरातला आकड्यांचा कागद त्याला दाखवला, तर तो आता तुमच्याशीच बोलायचं म्हणतोय. रविवारी संध्याकाळी, तुमचा चहा झाल्यावर, फोन केला तर चालेल का?

काकूंना सा. न.

आपला,
झेडवाला