पक्षाशी पटत नाही? मग मतदारांकडे या

संपादक महोदय,

'पोटनिवडणूक म्हणजे पैशांची नासाडी' हे वाचकपत्र वाचले. एक जागा सोडून दुसरी धरणाऱ्यांकडून खर्च वसूल करावा, ही त्यातली सूचना मला मान्य आहे. पण सगळ्याच पोटनिवडणुकांना एका मापाने मोजू नये. मी शाळेत इतिहास शिकवला आणि निवडणूक ड्यूटीही केली, म्हणून लंडनमधल्या १९१२च्या एका पोटनिवडणुकीची आठवण करून देते.

लंडनचा पूर्व भाग आपल्या सोलापूरच्या पूर्व भागासारखाच हातावर पोट असणाऱ्यांचा. तिथल्या बो भागात काड्यापेटीचा कारखाना होता आणि १८८८ साली त्यातल्या मुलींनी केलेला संप गाजला होता. विड्या वळणाऱ्या आईच्या घरात वाढलेल्या मला त्या मुली परक्या वाटत नाहीत. बो अँड ब्रॉम्ले मतदारसंघातून डिसेंबर १९१०मध्ये मजूर पक्षाचे जॉर्ज लॅन्सबरी निवडून आले. तुरुंगात उपोषण करणाऱ्या मताधिकारवादी स्त्रियांना जबरदस्तीने अन्न भरवले जाई. त्यावरून हे गृहस्थ भर सभागृहात पंतप्रधान अस्क्विथ यांच्यावर मूठ उगारून धावले. स्त्रियांना मत मिळेपर्यंत पक्षाने सरकारविरुद्ध मतदान करत राहावे, असा त्यांचा आग्रह होता. पक्ष ऐकेना. मग त्यांनी राजीनामा दिला आणि याच एका प्रश्नावर पुन्हा उभे राहिले. कायद्याची सक्ती नव्हती. पक्षाच्या वरिष्ठांनी अधिकृत पाठिंबाही दिला नाही.

गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हे चालले होते त्या स्त्रियांना मतच नव्हते. फैसला करणार होते पुरुष. 'परकरांचे राज्य नको' असा विरोधकांचा प्रचार. त्यात मतदानाच्या दिवशी घरचाच घोळ: स्त्रियांच्या संघटनेकडे मोटारी होत्या, पक्षाच्या माणसांकडे मतदारयाद्या होत्या. याद्या बायकांच्या हाती देणार नाही, म्हणे एक. मोटारी पुरुषांच्या ताब्यात देणार नाही, म्हणे दुसरा. बूथबाहेर मतदारांची ने-आण पाहिलेल्या कुणालाही याचा परिणाम सांगायला नको. २६ नोव्हेंबरला लॅन्सबरींना ३,२९१ मते पडली, हुजूर पक्षाच्या रेजिनाल्ड ब्लेअर यांना ४,०४२. पडले ७५१ मतांनी.

लॅन्सबरी थोडे उतावळे होते, असे माझे मत आहे. आधी घरची मंडळी एकत्र करायला हवी होती. पण पक्षाशी पटेना तर खुर्ची धरून न बसता ते मतदारांपुढे गेले, हे मोठेच. संसदेत परतायला त्यांना १९२२ उजाडले. पुढे ते मजूर पक्षाचे नेतेही झाले. तिथल्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत १९२८ला मिळाले.

आपल्याकडे १९८५पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, तरी दोन तृतीयांश आमदार जमवून विलीनीकरण दाखवले की सदस्यत्व शाबूत. पक्षाचे उपरणे बदलते, मतदाराला कुणी विचारत नाही. त्याला विचारण्यासाठी पोटनिवडणूक होणार असेल, तर माझ्या करातले पैसे खुशाल खर्च करा.

एक विनंती. यापुढे जिल्ह्यातला कुणी लोकप्रतिनिधी 'विकासासाठी' पक्ष बदलून पत्रकार परिषद घेईल, तेव्हा आपल्या वार्ताहराने पहिला प्रश्न एवढाच विचारावा: राजीनामा कधी देताय?

– एक निवृत्त शिक्षिका, साखर पेठ, सोलापूर