तो डबा तुम्ही मला विकला नाहीत

दादा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, म्हणून तुमचं आणि दुकानाचं नाव घालत नाही. शिवाजी पेठेतली जी माणसं तुमच्याकडं औषधं घेतात, ती ओळखतीलच. मी तुमची भाकरीवाली मावशी.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस धरून होता आणि माझा उजवा गुडघा त्या आठवड्यात वाकतच नव्हता. पुतण्यानं मोबाईलवर एका डब्याचा फोटो पाठवला होता. सांध्यांची झीज भरून काढणारा, महिन्याला दीड हजारांचा. खानावळीचे पैसे आले होते, ते रुमालात बांधून मी तडक तुमच्याकडं आले. तुम्ही फळीवरून डबा काढला, बिल करायला घेतलं आणि मध्येच डब्यावर हात ठेवून विचारलंत, "मावशी, हे तुमच्यासाठीच काय? तुमची रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू आहे न्हवं?"

माझी हृदयाची झडप बदलून अकरा वर्षं झाली. तेव्हापासून वॉरफरिन सुरू आहे आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासावं लागतं. डब्यात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन होतं. ते या गोळीबरोबर पोटात गेलं तर रक्त जास्तच पातळ होऊ शकतं, हे तुम्ही मला उभ्या उभ्या समजावलंत. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलचंही तसंच. भाजीतल्या हळदीला घाबरू नका, पण कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, म्हणालात. डबा परत फळीवर गेला. दारात चार गिऱ्हाइकं उभी होती, तरी तुम्ही मला आतलं स्टूल दिलंत.

त्या दिवशी मी रागावले होते, दादा. दुखणं माझं, पैसे माझे, आणि औषध द्यायला हा माणूस नाही म्हणतोय, असं वाटलं. मी विचारलं, माझी गोळी बाजूला ठेवा, पण गुण तरी येतो का त्याचा? तुम्ही खरं ते सांगितलंत. २००६ साली अमेरिकेत गुडघेदुखीच्या १५८३ माणसांवर हे तपासून बघितलं होतं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर या गोळ्या आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. नुसत्या गोळीवाल्यांतल्याही साधारण ६० टक्के लोकांना बरं वाटलं होतं. जास्त दुखणाऱ्या एका छोट्या गटात दोन्ही औषधं एकत्र घेऊन थोडा फायदा दिसला, हेही तुम्ही लपवलं नाही. "पण एवढ्यावर मी तुमच्याकडनं दर महिन्याला दीड हजार घेऊ काय?" हे तुमचं वाक्य माझ्या कानात अजून आहे. विकणाऱ्यानंच असं बोलावं, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या शेजारच्या आजी माळकरी आहेत. त्या वर्षभर असल्याच गोळ्या घेत होत्या. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तुमच्याकडं ऐकलं, त्यांना सांगितलं, आणि त्या बिचाऱ्या दोन दिवस जेवल्या नाहीत. पाळणाऱ्या माणसानं डब्यावरची शाकाहारी-मांसाहारीची हिरवी-तपकिरी खूण बघावी आणि दुकानात सरळ विचारावं.

मग तुम्ही कागदाच्या पिशवीवर दोन ओळी लिहून दिल्या. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग या फिजिओथेरपीच्या ताईंकडं जा. डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला. झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही, म्हणाले. रक्तात ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं, त्याची आठवड्याला एक अशी आठ आठवड्यांची पुडी दिली. ती कमतरतेसाठी आहे, त्यानं गुडघ्यातली झिजलेली गादी, म्हणजे कूर्चा, परत येत नाही, हे त्यांनीही सांगितलं. मनानं वाढवून घ्यायची नाही, ती अंगात साठते.

खरं काम ताईंकडं झालं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कॉटवर पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, टॉवेल खाली दाबा, पाचपर्यंत मोजा, सोडा. मी दाबलं. त्यांनी माझा हात धरून माझ्याच मांडीवर ठेवला. डावी मांडी दगडासारखी घट्ट झाली होती. उजवी मळलेल्या पिठासारखी मऊच. बोट दाबलं तर आत जात होतं. अठ्ठावीस वर्षं मी जमिनीवर बसून काठवटीत शाळूच्या भाकऱ्या थापतेय, दिवसाला शंभर तरी. दंडात ताकद आहे म्हणून पायातही असणार, असं धरून चालले होते. दुखतंय म्हणून मी उजवा पाय वाचवत गेले, आणि वाचवला तेवढा तो वाळत गेला. ते हाताला लागलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ताईंनी सांगितलेलं मी इथं लिहिते, कारण हे ऐकल्यावर माझी भीती गेली. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकावरच्या त्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. पाऊल टाकलं की ती दबते, उचललं की वंगण शोषून घेते, ओल्या स्पंजसारखी. पाय हलवलाच नाही तर तिला मिळणार कुठनं? मी महिनोन् महिने गुडघा बांधून बसले होते आणि त्यालाच विश्रांती समजत होते.

मग टॉवेल दाबणं रोज दोनदा, दहा-दहा वेळा. उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. दोन आठवड्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करायचं. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी घेतली तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. ही काठीची गोष्ट आमच्या गल्लीत एकालाही ठाऊक नव्हती! गुडघा लाल होऊन तापला, अचानक सुजला किंवा बरोबर ताप आला, तर व्यायाम करत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा, हेही त्यांनी बजावलं.

भाकरीची काठवट आता ओट्यावर आली. उंची जमेना म्हणून मुलानं पायाखाली फळी ठोकून दिली. पहिले आठ दिवस भाकऱ्या वाकड्या झाल्या, खानावळीतनं बोलणी आली. मग हात बसला.

सहा आठवडे काहीच फरक नव्हता. मी तुमच्या दुकानात येऊन सगळं सोडते म्हणाले, तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, "टॉवेल दाबताय न्हवं? मग अजून सहा आठवडे दाबा." त्यानंतर दर महिन्याला मी वॉरफरिन घ्यायला आले की पैसे मोजायच्या आधी तुमचा तोच प्रश्न. खरं सांगते, दोन-तीनदा मी निव्वळ तुम्हाला खोटं सांगायला नको म्हणून टॉवेल घेऊन बसले.

दिवाळीच्या सुमाराला एक दिवस फोन वाजला आणि मी खुर्चीवरून उठून गेले. बोलणं झाल्यावर लक्षात आलं, हात टेकलाच नव्हता. मग रंकाळ्याच्या काठानं चालायला लागले, आधी दहा मिनिटं, आता अर्धा तास. भात आणि साखर कमी केली, चार किलो वजन उतरलं. ताई म्हणाल्या, किलोभर उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचं चारेक किलो ओझं उतरतं. माझं सोळा किलोचं ओझं गेलं म्हणायचं. गुडघा आजही पावसात कुरकुरतो, झीज आहे तिथंच आहे. पण पाय माझं ऐकतो.

आषाढात पंचगंगेचं नवं पाणी टेकडीवरच्या टेंबलाई देवीला वाहायला आमची गल्ली निघते. गेली तीन वर्षं मी दारात बसून मिरवणुकीतलं पी ढबाक वाद्य लांब जाईपर्यंत ऐकत होते. या वर्षी नातीच्या डोक्यावर कळशी होती आणि मी तिच्या मागं होते. बराच रस्ता चालले, थोडा रिक्षानं गेले, पण टेकडीच्या पायऱ्या माझ्या मी चढले, डावा पाय आधी, कठडा धरून, सावकाश. वर नातीनं कळशी माझ्या हातात दिली आणि देवीच्या पायरीवर पाणी मी ओतलं. तेव्हा तुमची आठवण झाली, म्हणून हे पत्र.

शुक्रवारी आयएनआरचा रिपोर्ट घेऊन येते. डब्यात चार भाकऱ्या आणि झुणका असेल, दुपारचं जेवण घरनं आणू नका. भाकऱ्या उभ्यानं थापलेल्या आहेत.

तुमची,
भाकरीवाली मावशी
शिवाजी पेठ, कोल्हापूर