‘नवी वनस्पती सापडली’ या बातमीत जे येत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘वनस्पतीची नवी प्रजाती सापडली’ असा मथळा वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतो. या विषयाला जागा मिळते याचा आनंद आहेच. पण त्या बातमीमागचे काम वाचकांपर्यंत जवळजवळ कधीच पोहोचत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली दुरुस्ती मथळ्यातच हवी. मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात प्रजाती हा मोठा गट आणि जाती हा त्याच्या आतला. फायकस ही प्रजाती. वड, पिंपळ, उंबर, अंजीर या तिच्या जाती. बातमीत ज्या नव्या वनस्पतीचे वर्णन असते ती बहुतेक वेळा नवी जाती असते. नवी प्रजाती ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

दुसरा शब्द ‘सापडली’. त्यातून असे चित्र उभे राहते की कोणी डोंगरात गेले, अनोळखी फूल दिसले आणि संध्याकाळी नाव ठेवून झाले. सपुष्प वनस्पतींच्या नव्या जाती कशा उजेडात येतात याचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या जाती फक्त 16 टक्के निघाल्या. जवळपास एक चतुर्थांश नव्या जातींच्या वर्णनात 50 वर्षांहून जुने नमुने होते. अजून नाव न मिळालेल्या सुमारे 70 हजार जातींपैकी निम्म्याहून अधिक आधीच हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटांत पडून असाव्यात, असाही त्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे नवी जाती जितकी रानात सापडते तितकीच, किंबहुना जास्तच, कपाटात सापडते. मात्र ती ओळखणारा माणूस त्या कपाटासमोर बसलेला असावा लागतो.

नमुना चांगला नसेल तर पुढचे सगळे फुकट जाते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. नुसती पानांची फांदी तोडून उपयोग नसतो. फूल किंवा फळ, शक्यतो दोन्ही हवीत. छोटे रोप असेल तर ते मुळासकट काढायचे, पण जागेवर पुरेशी रोपे असतील तरच. एकाच वेळी एकाच ठिकाणाहून तीन ते पाच प्रती घ्यायच्या, त्यांना एकच संकलन क्रमांक द्यायचा आणि पुढे त्या वेगवेगळ्या संग्रहांत ठेवायच्या. एक संग्रह जळाला किंवा भिजला तरी पुरावा उरतो. वाळल्यावर जे नाहीसे होते ते तिथेच वहीत उतरवायचे: फुलाचा रंग, वास, चिकाचा रंग, झाडाची उंची, खोडाची साल, जमीन, आसपासच्या वनस्पती, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख. ‘संध्याकाळी आठवून लिहू’ म्हटले की पांढरे आणि फिकट पिवळे यांची सरमिसळ झालीच म्हणून समजावे.

नमुना त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या कागदात पसरून दाबयंत्रात घालायचा. निदान एक पान उलटे ठेवायचे, कारण खालच्या बाजूची लव आणि शिरा ओळखीला लागतात. टिपकागद सुरुवातीला रोज बदलायचा. तो बदलला नाही तर बुरशी धरते, पाने काळी पडतात आणि सांध्यातून गळतात. कृत्रिम उष्णता वापरायची तर 40 ते 60 अंश सेल्सिअस. त्याहून जास्त दिली की नमुना ठिसूळ होतो. सतत पाऊस असेल तर कागदात गुंडाळलेले गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून 60 ते 70 टक्के अल्कोहोलने भिजवून ठेवतात. या युक्तीने नमुना सडत नाही, पण रंग उडतो आणि डीएनए खराब होतो. म्हणून पानाचे काही तुकडे आधीच वेगळे काढून, त्यांच्या वजनाच्या दहापट तरी सिलिका जेलमध्ये वाळवायचे.

वाळलेला नमुना साधारण 42 गुणिले 28 सेंटिमीटरच्या आम्लरहित कागदावर चिकटवला जातो. संग्रहात ठेवण्यापूर्वी तो उणे 20 अंशांवर आठवडाभर गोठवतात, नाहीतर तंबाखूवर पडणारा बारीक भुंगेरा सगळे कपाट पोखरतो. पूर्वी हेच काम मर्क्युरिक क्लोराइड लावून करत. तसले जुने कागद आजही विषारी आहेत आणि ते हातमोजे घालूनच हाताळावे लागतात. कागदावरची जुनी ओळखचिठ्ठी कधीही खोडायची किंवा झाकायची नसते. नवे मत नव्या चिठ्ठीवर, नाव आणि तारखेसह. कोणी कधी काय मानले याचा इतिहास त्या चिठ्ठ्यांत असतो आणि चूक कुठे झाली हे त्यांवरूनच शोधता येते.

चुका खूप आहेत, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. आल्याच्या कुळातल्या (कूळ म्हणजे प्रजातींहून मोठा गट) अफ्रामोमम या प्रजातीचे सुमारे साडेचार हजार नमुने तपासून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निदान 58 टक्के नमुन्यांवर चुकीचे नाव होते, कालबाह्य नाव होते किंवा फक्त प्रजातीपर्यंतचीच ओळख होती. अलीकडचे संशोधन संगणकावर उतरवलेल्या लाखो नमुन्यांच्या नोंदी घेऊन नकाशे काढते आणि हवामानबदलाचे अंदाज बांधते. त्या नोंदींतले नाव चुकले असेल तर नकाशाही चुकतो, आणि गणित कितीही बिनचूक असले तरी ते सुधारत नाही.

आता नाव देण्याचे काम. त्याला आंतरराष्ट्रीय नियमावली आहे आणि ती वनस्पतिशास्त्राच्या जागतिक परिषदेत, दर सहा वर्षांच्या सुमारास, मतदानाने बदलते. बहुतेक वनस्पतिनामांची सुरुवात 1 मे 1753 पासून धरतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथाच्या प्रकाशनाची ती मानीव तारीख. त्यानंतर छापलेले सर्वांत जुने वैध नाव टिकते. 1935 ते 2011 पर्यंत नव्या जातीचे वर्णन किंवा ती इतरांपासून वेगळी कशी हे लॅटिनमध्ये द्यावे लागे. 2012 पासून इंग्रजीही चालते, आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन, म्हणजे नियतकालिकाचा किंवा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असलेल्या ऑनलाइन पीडीएफमधले प्रकाशनही. 1958 पासून प्ररूप नमुना, म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचे जोडलेले असते तो नमुना, सांगणे सक्तीचे आहे. 1990 पासून तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला तेही. यातले एक राहिले तरी नाव वैध होत नाही. होतकरू अभ्यासकांचे नुकसान सर्वाधिक इथेच होते. हर्बेरियमचे नाव लिहायचे राहून जाते, दोन वेगवेगळ्या संकलनांना मिळून प्ररूप म्हटले जाते, किंवा पदवीच्या प्रबंधात ठेवलेले नाव प्रकाशित झाले असे गृहीत धरले जाते. आणि एक नियम थेट आपल्याशी संबंधित आहे: बिगरवैज्ञानिक वृत्तपत्रात छापलेले नवे नाव 1 जानेवारी 1953 पासून प्रकाशित मानले जात नाही.

नावात काय काय साठवलेले असते ते सदाफुलीवरून कळेल. लिनियसने 1759 मध्ये तिला व्हिंका रोझिया म्हटले. जॉर्ज डॉनने 1837 मध्ये तिला कॅथरँथस या वेगळ्या प्रजातीत नेले. ते प्रजातिनाम पुल्लिंगी असल्यामुळे रोझियाचे रोझियस झाले. पूर्ण नाव लिहिताना आधी कंसात एल. म्हणजे लिनियस, मग डॉन. मूळ नाव कोणाचे आणि ते हलवले कोणी, हे त्या दोन छोट्या खुणा सांगतात. रक्ताच्या कर्करोगावरच्या व्हिंक्रिस्टिन या औषधाच्या नावात मात्र जुनी व्हिंकाच राहिली. जुनी नावे टाकून देता येत नाहीत ती यामुळे. एखाद्या वनस्पतीबद्दल शंभर वर्षांपूर्वी लिहिलेली माहिती त्या वेळच्या नावाखालीच सापडते.

‘ही मंडळी नावे सारखी का बदलतात?’ ही तक्रार आम्हाला नेहमी ऐकावी लागते. वनस्पतिनामांची जी जागतिक यादी 2013 मध्ये अद्ययावत झाली, तिच्यात 10 लाख 64 हजार नावे होती आणि त्यांपैकी स्वीकृत साडेतीन लाख. दोन लाख 42 हजार नावांचा निर्णयच झालेला नव्हता. एकाच झाडाच्या सावलीतल्या आणि उन्हातल्या फांद्या, नर झाड आणि मादी झाड, कोवळे रोप आणि जुना वृक्ष यांना वेगवेगळी नावे मिळालेली असतात. ती एकत्र आणणे हे नवे नाव देण्याइतकेच, आमच्या मते त्याहून मोलाचे काम आहे. त्याची बातमी मात्र होत नाही.

काही बदल नात्यांच्या नव्या माहितीमुळे होतात. कमळ आणि कुमुद दोन्ही पाण्यात, दोन्हींची पाने गोल, म्हणून ती पूर्वी एकत्र ठेवलेली होती. डीएनएवरून कळले की कमळाचे जवळचे नातेवाईक म्हणजे चिनारसारखे वृक्ष. साग आता तुळशीच्या कुळात आहे, सावर जास्वंदीच्या आणि रुई कण्हेरीच्या. ज्यांनी ही फुले भिंगाखाली उघडून पाहिली आहेत, त्यांना यातल्या काही नात्यांचा संशय आधीपासून होता. डीएनएने वर्गीकरणाला फार मोठे बळ दिले, यात वाद नाही. पण ज्या नमुन्यातून डीएनए काढला त्याची ओळखच चुकली असेल, तर त्या डीएनएचा क्रम चुकीच्या नावाने जगभरच्या माहितीसाठ्यात जातो आणि पुढचे सगळे त्याच्याशीच आपला नमुना ताडून पाहतात.

चुकीच्या नावाची किंमत माणसांनीही मोजली आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रांड्रा ही वनस्पती घालायची होती. चिनी व्यापारी नावे सारखी असल्यामुळे तिच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची आली. तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. घाऊक मालातून चार मुळ्या काढून त्या जाणकाराला दाखवल्या असत्या तर हे टळण्याची शक्यता होती.

असा जाणकार तयार व्हायला वेळ लागतो. एका कुळाची नजर बसायला दहा वर्षे सहज जातात. वाळलेले फूल पाण्यात उकळून मऊ करायचे, सुईने उघडायचे, पुंकेसर मोजायचे, मापे ताज्या फुलाची की वाळलेल्या हे नोंदवायचे, जवळच्या प्रत्येक जातीच्या प्ररूपाशी ताडून पाहायचे. उष्णकटिबंधीय पूर्व आफ्रिकेच्या वनस्पतिकोशाचे काम 1948 मध्ये सुरू झाले आणि 2012 मध्ये संपले. त्यात 12 हजारांवर जाती आहेत. चौसष्ट वर्षे म्हणजे अभ्यासकांच्या दोन पिढ्या. उलट, संशोधनपत्रिकांचा जो प्रभावांक पाहून नेमणुका आणि बढत्या ठरतात, तो आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांचे इतर लेखांत दिलेले दाखले मोजतो. वर्गीकरणाचा लेख पन्नास वर्षांनीही उघडला जातो, पण त्या मापात तो बसत नाही. शिवाय लेखात वनस्पतीचे नाव येते तेव्हा नाव देणाऱ्याचा मूळ लेख संदर्भयादीत बहुधा नसतो, म्हणजे तोही दाखला बुडाला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने 2024 मध्ये आपले हर्बेरियम बंद करण्याचे जाहीर केले. तिथे सुमारे सव्वाआठ लाख नमुने होते. नमुने दुसरीकडे हलवता येतात, पण त्यांच्याशेजारी बसून शिकणारे विद्यार्थी असे हलवता येत नाहीत, हे आम्हाला फार लागते.

संशोधनसंस्थांकडे आमची मागणी सरळ आहे. नेमणूक करताना प्रभावांकाऐवजी उमेदवाराने किती नमुन्यांची ओळख तपासली, किती प्रजातींची फेरमांडणी केली, किती नोंदी दुरुस्त केल्या हे विचारा. वनस्पतीवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाकडून साक्षीनमुना, म्हणजे प्रयोगातल्या वनस्पतीचा पुरावा म्हणून जपलेला नमुना, आणि तो ठेवल्याच्या हर्बेरियमचे नाव मागा. तो नसेल तर पुढे नाव चुकीचे निघाल्यावर त्या प्रयोगाचे काय करायचे हे कोणालाच ठरवता येत नाही.

आपल्याकडे तीन विनंत्या. बातमीत शास्त्रीय नाव देवनागरीबरोबर एकदा तरी रोमन लिपीत छापावे, कारण देवनागरीवरून मूळ स्पेलिंग ओळखता येत नाही आणि एका अक्षराच्या फरकाने शोध दुसरीकडेच जातो. मूळ लेख छापून आल्यानंतरच नाव द्यावे, आणि प्ररूप नमुना कुठे ठेवला आहे तेही लिहावे; एका ओळीचे काम आहे. तिसरी विनंती सर्वांत कळकळीची: ऑर्किड, मांसल खोडापानांच्या वनस्पती आणि मोजकीच रोपे उरलेल्या कोणत्याही जातीचे नेमके ठिकाण छापू नये. पॅफिओपेडिलम कॅन्ही या व्हिएतनाममधल्या ऑर्किडचे वर्णन 2010 मध्ये प्रसिद्ध झाले आणि थोड्याच काळात हौशी संग्राहकांना विकण्यासाठी ते रानातून जवळजवळ सगळे ओरबाडले गेले. छायाचित्रात ओळखू येईल असा कडा किंवा देऊळ असेल तर तेही कापावे, आणि मूळ डिजिटल छायाचित्रात दडलेले अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी काढून टाकावेत.

आपले,
वनस्पती वर्गीकरणाचे काही अभ्यासक