व्याख्या पाठ, हिशेब कच्चा

संपादक महोदय,

अर्थशास्त्र हा मुख्य विषय नसलेल्या मुलांना मी त्याचा प्राथमिक पेपर शिकवते. कुणी रसायनशास्त्राचं, कुणी संगीताचं. ही मुलं पुन्हा अर्थशास्त्राच्या वर्गात बसणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. तरी त्यांच्या माथी मुख्य विषयवाल्यांचाच काटछाट केलेला अभ्यासक्रम येतो. मार्शल (१८९०) आणि रॉबिन्स (१९३२) यांनी केलेल्या अर्थशास्त्राच्या व्याख्यांची तुलना करा, समवृत्ती वक्राची (दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या दाखवणाऱ्या रेषेची) वैशिष्ट्ये लिहा. मुलं लिहितात, पास होतात, विसरतात.

मी मात्र इंग्लिश अर्थतज्ज्ञ रिकार्डोचे १८१७ सालचे चार आकडे फळ्यावर लिहिते. ठरावीक कापडाला वर्षभर इंग्लंडात १०० माणसं लागतात, पोर्तुगालमध्ये ९०. ठरावीक वाइनला इंग्लंडात १२०, पोर्तुगालमध्ये ८०. दोन्हीत पोर्तुगालच सरस, मग त्याने इंग्लंडशी व्यापार का करावा? करूच नये, असं बहुतेकांचं उत्तर. मग बेरीज करायला लावते. दोघांनी दोन्ही केलं तर ३९० माणसं. इंग्लंडने फक्त कापड आणि पोर्तुगालने फक्त वाइन, दुप्पट प्रमाणात केली तर २०० अधिक १६०, म्हणजे ३६०. माल तेवढाच, माणसं ३० कमी. तेवढ्यात कुणीतरी विचारतंच, ‘पण मॅडम, इंग्लंडातल्या वाइनवाल्यांनी जायचं कुठे?’ उरलेला तास त्यावरच जातो, आणि जावाच. अभ्यासक्रमात याच्या वाट्याला जेमतेम एक टीप येते.

महागाईचंही तेच. दर ८ टक्क्यांवरून ५ वर आला म्हणजे किमती उतरल्या, असं गणितात हुशार मुलंही बिनदिक्कत सांगतात. १०० चे १०८ झाले, त्याचे पुढच्या वर्षी ११३.४० होणार. उतरलं काय?

सहकारी म्हणतात, वक्र गाळले तर पाया कच्चा राहील. जिथे पुढे मजलाच चढायचा नाही, तिथे पाया किती खोल खणायचा? मागणी-पुरवठ्याची आकृती जरूर ठेवा. सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घातली की घरांचा तुटवडा का होऊ शकतो, हे तिच्याशिवाय नीट समजावता येत नाही. समवृत्ती वक्र मात्र खुशाल जाऊ द्या.

अभ्यास मंडळांना एवढंच सुचवते: प्रश्नपत्रिकेत व्याख्येऐवजी एखादी न पाहिलेली बातमी छापा आणि तिच्यातले आकडे काय सांगतात, काय लपवतात ते विचारा. पेपर तपासायला दुप्पट वेळ लागेल. माझी तयारी आहे.

आपली,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका