बिल्ला पोरीला, चावी शिपायापाशी

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकात पान ४ वर 'प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थी मंडळात पर्यावरण प्रतिनिधी हवा' हा लेख वाचला. लिहिणाऱ्यानं चांगल्या मनानं लिहिलं, वाद नाही, पण त्यांच्या घरी असा प्रतिनिधी नसावा. आमच्या घरी आहे. माझी पोरगी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी सेकंड इयरला, मागच्या जुलैत तिला हिरवा बिल्ला लावला, टाळ्या झाल्या, अन् त्याच कार्यक्रमात पाहुण्यांना तर्री पोहे कशात दिले तर थर्माकोलच्या प्लेटीत. २०१८ पासून राज्यात बंदी आहे ना हो यावर? पळसाच्या पत्रावळी आमच्याकडं मिळत नाहीत असं थोडंच आहे.

खरी गोष्ट नळाची. मुलींच्या रूममागं टाकीचा नळ रात्रंदिवस गळायचा. पोरीनं १५ लिटरची बादली लावून पाहिली, २० मिनिटांत भरली, म्हणजे दिवसाला हजार लिटरच्या वर. तिनं अर्ज दिला. ऑफिसात म्हणाले ठराव घ्यावा लागंल. पुन्हा अर्ज दिला, तर म्हणे तू जलदिनाचं पोस्टर बनव बरं आधी. घरी येऊन मले म्हणते, "बाबा, मले बिल्ला देल्ला पन टाकीच्या खोलीची चावी शिपायापाशी हाय, अन् शिपाई कोनापाशी हाय ते कोनालेच मालूम नाही." शेवटी डिसेंबरात मीच पाना अन् १० रुपयाचं वॉशर घेऊन गेलो, शिपायाला चहा पाजला, पाच मिनिटांत काम झालं. पुढं नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाईलीत ते 'विद्यार्थी जलसंवर्धन उपक्रम' म्हणून गेलं, माझा पाना सोडून सगळ्यांची नावं होती त्यात.

२३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती. पोरीच्या हातात नवा झाडू देऊन फोटो काढला, झाडूला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकलेली. फोटो झाला अन् झाडू परत स्टोअररूममध्ये.

लेखात जे नाही ते सांगतो. हे पद जुलैत मिळतं, मार्चात पेपर लागतात, एप्रिलात पद संपतं. अन् आमच्याकडं झाडाला खरी गरज मे मध्ये, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, अन् तेव्हा कॉलेजला कुलूप. मागच्या पावसाळ्यातल्या रोपांपैकी आता गेटजवळचा एक कडुनिंब तेवढा जिवंत आहे, तोही पानठेल्यावाला गिलास धुतलेलं पाणी टाकतो म्हणून. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांना वर्षाला १२० तास भरावेच लागतात, त्यातले थोडे उन्हाळ्यात पाणी घालायला लावा ना, पण मे मध्ये फोटो चांगला येत नसंल. पद द्यायचंच तर सोबत चावी द्या, कॅन्टीनच्या खरेदीवर सही द्या, अन् फर्स्ट इयरचं एक पोट्टं जोडीला द्या, म्हणजे पुढच्या वर्षी कोणता नळ गळतो हे पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.

आणखी एक, रागावू नका. सोयाबीन-कापसाच्या भावाचा कोपरा तुम्ही इतका बारीक केला की मले चष्म्यावर भिंग धरावं लागतं. अन् वृक्षारोपणाचा फोटो चार कॉलम, त्यात एका रोपाला नऊ माणसं हात लावून उभी.

आपला,
एक वाचक, अमरावती जिल्हा